नवी टूरिंग कॅरॅव्हॅन पारखताना: सांधे, वजन आणि दुरुस्तीची सोय

गाडीमागे जोडून न्यायची नवी कॅरॅव्हॅन घ्यायचे ठरले की चर्चा बहुधा आतल्या मांडणीपासून सुरू होते आणि तिथेच संपते. झोपायच्या जागा किती, न्हाणीघर कुठे, दिवे कसे, गाद्यांचे कापड कोणते, यावर पुष्कळ लिहिले जाते. या धाग्यात मला बांधणीचा मुद्दा चर्चेला घ्यायचा आहे. कॅरॅव्हॅन चांगली की वाईट हे तिच्या सांध्यांवरून ठरते, असे माझे ठाम मत आहे. भिंत छताला कशी मिळते, खिडकीची चौकट भिंतीत कशी बसवली आहे, फरशीत पाडलेली भोके कशी बंद केली आहेत, यावर तिचे आयुष्य अवलंबून असते. गाद्या आणि दिवे कधीही बदलता येतात. सांध्याची मूळ रचना मात्र कारखान्यात एकदाच ठरते.

जुन्या पद्धतीत लाकडी पट्ट्यांचा सांगाडा, त्यावर बाहेरून अॅल्युमिनिअमचा पातळ पत्रा, आतून पातळ प्लायवूड आणि मधल्या पोकळीत थर्मोकोल, अशी भिंत उभी राहते. पुढे हे सारे थर दाबाखाली एकमेकांना चिकटवून एकसंध फलक तयार करण्याची पद्धत रूढ झाली, आणि त्यात बाहेरचा थर कधी अॅल्युमिनिअमचा तर कधी फायबरग्लासचा असतो. फलक आले म्हणून लाकूड गेले, असे समजू नये. स्क्रूला धरायला काहीतरी लागतेच, म्हणून अनेक फलकांच्या कडांना आणि खिडक्यांभोवती आत लाकडी पट्ट्या असतात. अलीकडे त्यांच्या जागी पॉलियुरेथेनसारखे पाणी न शोषणारे साहित्य वापरण्याकडे कल आहे. काही उत्पादकांनी फलक अॅल्युमिनिअमच्या खाचेदार पट्ट्यांमध्ये आवळून बाहेरचे स्क्रू कमी केले आहेत. बेली या ब्रिटिश उत्पादकाने २००९ मध्ये पेगासस मालिकेबरोबर आणलेली ‘अॅलु-टेक’ रचना त्यातलीच.

यांपैकी कोणतीही पद्धत मुळातच टाकाऊ नाही. मी पाहतो ते कवचाला किती भोके पाडली आहेत आणि प्रत्येक भोकाची काय काळजी घेतली आहे, हे. भिंत आणि छत जिथे मिळतात त्या कडेवर तंबू अडकवण्याची अॅल्युमिनिअमची पट्टी, म्हणजे ऑनिंग रेल असते. अनेक कॅरॅव्हॅनमध्ये ती ओळीने स्क्रू मारून बसवतात. तिच्याखाली ब्यूटाइलची, म्हणजे फट बंद करणाऱ्या चिकट रबरी पदार्थाची, मऊ पट्टी असते आणि स्क्रूची डोकी प्लास्टिकच्या झाकणपट्टीखाली दडलेली असतात. उन्हातान्हात ती मऊ पट्टी हळूहळू कडक होत जाते, झाकणपट्टीखाली पाणी साचून राहते, स्क्रू गंजतो आणि त्याच्या कडेकडेने ओल थेट लाकडात उतरते. बाहेरून काहीच दिसत नाही. आतल्या प्लायवूडवर कागदाचा किंवा व्हिनाइलचा थर असल्यामुळे भिंतीवर डाग उमटेपर्यंत मागचे लाकूड कुजून गेलेले असते. म्हणून कॅरॅव्हॅन नवीकोरी असली तरी झाकणपट्टीचे टोक उचलून स्क्रू दाखवायला मी सांगतो. स्क्रू स्टेनलेस आहेत का आणि मऊ पट्टी पत्र्याच्या कडेपर्यंत सलग पोचली आहे का, एवढे पाहायला फार वेळ लागत नाही.

दुसरे कारण उष्णतेचे आहे. तापमानात ४० अंश सेल्सिअसचा फरक पडला, तर ६ मीटर लांबीचा अॅल्युमिनिअमचा पत्रा साधारण साडेपाच मिलिमीटरने लांबतो. कॅरॅव्हॅनच्या पुढच्या-मागच्या बाजूंना एबीएस प्लास्टिकचे साच्यातून काढलेले भाग असतात, आणि ते अॅल्युमिनिअमच्या तिप्पट ते चौपट प्रसरण पावतात. असा भाग ठिकठिकाणी घट्ट आवळून टाकला आणि त्याला सरकायला वावच ठेवला नाही, तर दिव्याच्या कोपऱ्यापाशी किंवा पकडदांड्याच्या स्क्रूपाशी केसासारखी बारीक चीर पडते आणि तिथून ती वाढत जाते. सवारीतल्या टकरीमुळे ती पडली, असे पुष्कळदा समजले जाते. प्रत्यक्षात दोष जोडण्याच्या पद्धतीत असतो. जिथे असे दोन भिन्न पदार्थ एकत्र येतात तिथे भोके स्क्रूपेक्षा मोठी आहेत का आणि सीलंट, म्हणजे फट बुजवणारा पदार्थ, लवचिक आहे का, हे विचारून घ्यावे.

कारागिरीचा अंदाज मला सर्वांत लवकर येतो तो पलंगाखालच्या खणात. गादी उचलावी, फळी बाजूला करावी आणि टॉर्च घेऊन कोपऱ्यात पाहावे. नुकत्याच पाहिलेल्या एका नव्या कॅरॅव्हॅनमध्ये सांडपाण्याची नळी फरशीतून खाली जाते तिथे भोक नळीपेक्षा बरेच मोठे पाडलेले होते, प्लायवूडची कापलेली कड तशीच कोरी होती, आणि भोक पाडताना उडालेला भुसा अजून तिथेच पडलेला होता. भुसा तिथे राहिला याचा अर्थ भोक पाडल्यानंतर त्या कोपऱ्यात कोणी डोकावलेच नव्हते. त्याच खणात विजेच्या तारांची जुडी लोखंडी कोनाच्या धारेवरून, कुठेही क्लिप न लावता नेलेली होती. चाके फिरू लागली की ती तार प्रवासभर त्या धारेवर घासत राहणार. बाहेरची रंगसंगती आणि आतले कपाटांचे दरवाजे मात्र अतिशय देखणे होते.

तेव्हा नवी कॅरॅव्हॅन पारखताना आपण कवचाची कोणती रचना पसंत कराल, आणि का, हे सभासदांनी सविस्तर लिहावे.

प्रतिसाद १

आपल्या बहुतेक निरीक्षणांशी सहमत आहे, पण लाकडी सांगाड्याची बाजू कोणीतरी मांडली पाहिजे. माझे आयुष्य लाकूडकामात गेले आहे. लाकूड ओले झाले म्हणजे लगेच कुजते, असे नसते. बुरशीला वाढायला लाकडातली ओल साधारण २० टक्क्यांच्या वर बराच काळ टिकावी लागते, आणि वाळायला वाट मिळाली तर लाकूड पुन्हा पूर्ववत होते. खरी अडचण होते ती ओल दोन्ही बाजूंनी कोंडली गेली की. बाहेर पत्रा आणि आत व्हिनाइल चढवलेले प्लायवूड, अशा भिंतीत शिरलेले पाणी कुठे जाणार?

दुरुस्तीच्या दृष्टीने पाहिले तर सांगाड्याच्या भिंतीत आतले प्लायवूड काढून कुजलेली पट्टी तेवढी कापता येते, नवी पट्टी सांधता येते आणि भिंत पुन्हा बंद करता येते. चिकटवलेल्या फलकात हे काम कितीतरी अवघड आहे, कारण प्लायवूड ओढले की त्याबरोबर फेसाचा, म्हणजे मधल्या थर्मोकोलसारख्या फोमचा, थरही उखडतो. पाणी शिरणारच नाही, या भरवशावर केलेली रचना आणि शिरले तर काढता येईल, या हिशेबाने केलेली रचना, यांत मी दुसरी निवडीन.

प्रतिसाद २

भोकांची संख्या हा निकष मला अपुरा वाटतो. अमेरिकेतली एअरस्ट्रीमची १९३६ ची क्लिपर घ्या. विमानाच्या सांगाड्यासारखी ती रिव्हेट मारून जोडलेली होती, म्हणजे भोकेच भोके. त्या पद्धतीच्या कॅरॅव्हॅन कित्येक दशके वापरात राहिल्या आहेत. रिव्हेट फक्त पत्रे एकत्र धरून ठेवतो. पाणी अडते ते वरचा पत्रा खालच्या पत्र्यावर किती आणि कोणत्या दिशेने चढवला आहे त्यावर, जसे कौलांच्या छपरात वरचे कौल खालच्यावर येते तसे. सांधा वाहून येणाऱ्या पाण्याकडे तोंड करून उघडा असेल तर जगातले कोणतेही सीलंट त्याला कायमचे वाचवू शकत नाही, कारण सीलंटचे आयुष्य पत्र्याच्या आयुष्यापेक्षा नेहमीच कमी असते.

म्हणून मी छताकडे आधी पाहतो. छताचा पत्रा किंवा फायबरग्लास पुढून मागपर्यंत एकाच तुकड्यात आहे का, की मध्ये आडवा जोड आहे? त्याला पुरेसा बाक आहे का, की पाऊस थांबल्यावर मधोमध पाणी साचून राहते? छताची कड भिंतीवर खाली वळवली आहे का, की भिंतीच्या डोक्याला नुसती टेकवली आहे? शक्य असेल तर शिडी लावून बाजूने पाहावे, छतावर चढू नये, कारण हलक्या छतावर माणसाचा भार पडू नये.

सीलंटबद्दल एक सूचना करतो. दुरुस्तीच्या वेळी सांध्यावर सिलिकोन फासू नये. ते सुटले की त्याचा अंश पृष्ठभागावर राहतो आणि त्यावर पुढे दुसरे काहीच नीट चिकटत नाही. ब्यूटाइल मऊ राहते, पुन्हा उघडता येते, आणि म्हणूनच ते वापरतात.

धागाकर्ता

दोन्ही प्रतिसादांबद्दल आभार. चढाव्याच्या दिशेचा मुद्दा मला पूर्णपणे पटतो आणि तो माझ्या निकषाला पूरकच आहे, कारण नीट चढवलेल्या सांध्यात भोके असली तरी ती पाण्याच्या वाटेवर येत नाहीत. चिंता वाटते ती छताच्या सपाट भागात नंतर पाडलेल्या भोकांची: छतखिडकी, अँटेना, सौर पॅनेलच्या तारा. तिथे चढावा नसतो आणि सारा भार सीलंटवरच असतो. सौर पॅनेल चिकटवून बसवता येते आणि तारेसाठी एकच झाकलेली वाट पुरते, तरीही चार कोपऱ्यांना स्क्रू मारलेली पॅनेले नव्या कॅरॅव्हॅनवर दिसतात, याचे मला वाईट वाटते.

लाकूडकामाच्या जाणकारांना एक प्रश्न आहे. पॉलियुरेथेनच्या पट्ट्या स्क्रूला लाकडाइतकेच घट्ट धरतात का? कपाटे शेवटी त्यांच्यावरच टांगलेली असतात.

प्रतिसाद १ चे लेखक

घनता पुरेशी असेल तर चांगले धरतात. फरक पडतो तो पुन्हा पुन्हा स्क्रू काढल्या-घातल्यावर. लाकडात सैल झालेल्या भोकात खुंटी ठोकून गोंद भरता येतो. पॉलियुरेथेनमध्ये तसे करणे कठीण जाते. वरच्या कपाटांबाबत मी असे सुचवीन की ती नुसती भिंतीला अडकवलेली आहेत की छतालाही आणि एकमेकांनाही जोडलेली आहेत, ते पाहावे. हलक्या कॅरॅव्हॅनमध्ये आतले फर्निचर कवचाला ताठपणा देते. एक कपाट सैल झाले की शेजारच्या सांध्यावर ताण येतो, आणि तिथूनच पाण्याला वाट मिळते. ३ मिलिमीटर प्लायवूडची दारे पाहून नाक मुरडू नये. वजन कमी ठेवायला ती तशीच लागतात. त्यांच्या मागची चौकट, बिजागरी आणि दाबून बंद होणारे कुलूप मजबूत हवे.

प्रतिसाद ३

चर्चा पाण्यावर केंद्रित झाली आहे आणि ते योग्यच आहे, पण वजनाची मांडणी हाही बांधणीच्या गुणवत्तेचाच भाग आहे आणि तिच्यावर रस्त्यावरची सुरक्षितता अवलंबून असते.

कपलिंगवर, म्हणजे कॅरॅव्हॅन गाडीला जोडली जाते त्या सांध्यावर, पडणारा उभा भार, ज्याला सगळे नोजवेट म्हणतात, तो युरोपात भरलेल्या कॅरॅव्हॅनच्या वजनाच्या साधारण ५ ते ७ टक्के ठेवावा असे सांगतात, तर अमेरिकेत १० ते १५ टक्के. म्हणजे १,५०० किलोच्या कॅरॅव्हॅनला युरोपीय हिशेबाने ७५ ते १०५ किलो. मागे भार जास्त झाला की कॅरॅव्हॅन उलाळ होते, कपलिंगवरचा दाब कमी होतो आणि वेग वाढला की कॅरॅव्हॅन डावी-उजवीकडे झोके घेऊ लागते. इथपर्यंत बहुतेकांना ठाऊक असते.

पुढचा भाग मात्र क्वचित बोलला जातो. नोजवेट बरोबर आले म्हणजे मांडणी योग्य आहे, असे सिद्ध होत नाही. मागच्या टोकाला न्हाणीघर, पाण्याची टाकी आणि कपाट, आणि पुढच्या टोकाला गॅसच्या टाक्या व बॅटरी, असा आराखडा असेल तर दोन्ही बाजू एकमेकींना तोलून धरतात आणि काटा योग्य आकडा दाखवतो. तरीही झोका एकदा सुरू झाला की तो आवरायला ही कॅरॅव्हॅन अवघड असते, कारण टोकांना ठेवलेल्या वस्तुमानाचा प्रभाव अंतराच्या वर्गाने वाढतो. ४० किलोंची वस्तू अॅक्सलपासून १ मीटरऐवजी ३ मीटरवर ठेवली तर कॅरॅव्हॅनच्या फिरण्यातला तिचा वाटा नऊपट होतो. म्हणून मी आराखडा पाहताना फ्रिज, शेगडी, टाकी, बॅटरी आणि हीटर कुठे आहेत ते कागदावर खूण करून पाहतो. ही पाचही अॅक्सलच्या आसपास आणि फरशीलगत असतील तर रचनाकाराने विचार केला आहे, असे म्हणता येते. घर्षणाने झोके आवरणारे, घर्षणपट्ट्यांचे स्टॅबिलायझर किंवा आपोआप ब्रेक लावणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा अवश्य असावी, पण ती चुकीच्या मांडणीची भरपाई म्हणून विकत घेऊ नये. स्टॅबिलायझर असेल तर टो-बॉलला, म्हणजे गाडीच्या ज्या गोळ्यावर कपलिंग बसते त्याला, ग्रीस लावायचे नाही, ही गोष्ट नव्या मालकाला कोणीतरी आठवणीने सांगितली पाहिजे.

सामानासाठी उरलेली वजनाची मुभा हा आणखी एक नाजूक विषय आहे. ईएन १६४५-२ या युरोपीय मानकात तिचे किमान सूत्र आहे: झोपायच्या जागा गुणिले १०, अधिक कवचाची मीटरमधली लांबी गुणिले १०, अधिक ३०. चार जणांच्या ६ मीटर लांबीच्या कॅरॅव्हॅनला यातून १३० किलो मिळतात. त्यात कपडे, अंथरुणे, भांडी, खुर्च्या आणि तंबू बसवायचे. गाडी न जोडता कॅरॅव्हॅन जागच्या जागी हलवायची मोटर नंतर बसवली तर तिचेच ३० किलोच्या आसपास जातात. ज्या कॅरॅव्हॅनमध्ये खण भरपूर आहेत पण मुभा जेमतेम किमान आहे, ती मालकाला नकळत जास्त भार घालायला लावते. हा मला आरेखनातला दोष वाटतो.

प्रतिसाद ४

नवी कॅरॅव्हॅन ताब्यात घेताना ओलावामापक लावून पाहावा का? आणि कोणता आकडा काळजीचा समजावा?

प्रतिसाद २ चे लेखक

अवश्य लावावा, आणि ते आकडे जागेसह लिहून ठेवावेत, कारण पुढच्या वर्षी तुलना त्यांच्याशीच करायची असते. १५ टक्क्यांपर्यंत निश्चिंत राहावे, १५ ते २० दरम्यान त्या जागेवर लक्ष ठेवावे, २० च्या वर कारण शोधावे, आणि ३० च्या वर आकडा गेला तर आतल्या लाकडाचे नुकसान झालेले असण्याचा संभव मोठा असतो. एकट्या आकड्यावर विसंबू नये. प्लायवूडच्या लगेच मागे धातू असेल तर मापक फसतो आणि खोटा मोठा आकडा दाखवतो. शेजारच्या जागांशी पडताळून पाहावे. भिंतीभर सारखा असलेला १७ आणि सगळीकडे ११ असताना एकाच कोपऱ्यात आलेला १७, यांचे अर्थ वेगळे आहेत.

लाकूड नसलेल्या कवचात मापकाचा उपयोग आणखी मर्यादित आहे. फेस आणि प्लास्टिक पाणी शोषत नाहीत, त्यामुळे भिंत कोरडी दाखवते आणि शिरलेले पाणी खाली ओघळून फरशीच्या कडेला जमते. तिथे फरशीच्या कडा आणि चाकांवरच्या घुमट्यांचे सांधे तपासावेत. फरशीही बहुधा प्लायवूड, फेस, प्लायवूड अशीच चिकटवलेली असते. दारापाशी आणि ओट्यासमोर, जिथे पाय सर्वांत जास्त पडतात तिथे ती मऊ लागली किंवा करकरली, तर थर सुटायला लागले आहेत असे समजावे. वेळीच लक्षात आले तर बारीक भोके पाडून रेझिन भरून दुरुस्ती होते. नव्या कॅरॅव्हॅनमध्ये असे जाणवले तर ताबा घेऊच नये.

प्रतिसाद ५

भोकांच्या चर्चेत एक गोष्ट स्पष्ट व्हायला हवी, नाहीतर एखादा वाचक उत्साहाने नको ते बंद करील. फरशीत आणि गॅसच्या खणाच्या तळाला ठेवलेली झरोक्यांची भोके मुद्दाम ठेवलेली असतात. एलपीजी हवेपेक्षा जड असल्यामुळे गळती झाली तर गॅस तळाशी साचतो आणि त्याच वाटेने बाहेर जातो. ती भोके थंडी येते म्हणून, धूळ येते म्हणून, कधीही बुजवू नयेत. चांगल्या कॅरॅव्हॅनमध्ये त्यांवर जाळी असते आणि चाकांनी उडवलेले पाणी थेट आत येणार नाही अशा जागी ती ठेवलेली असतात.

थंडीचा विषय निघालाच आहे तर, उष्णतारोधाची प्रत मागून घ्यावी. ईएन १६४५-१ मधील तिसऱ्या प्रतीच्या कॅरॅव्हॅनमध्ये बाहेर उणे १५ अंश असताना चार तासांत आतले तापमान २० अंशांपर्यंत नेता आले पाहिजे. भिंतीची जाडी ऐकून तेवढा अंदाज येत नाही.

धागाकर्ता

या चर्चेनंतर मी उत्पादकाला लेखी विचारणार आहे ते असे: छत आणि भिंत मिळतात त्या सांध्याचा आडवा छेद दाखवणारे चित्र मिळेल का, फलकाच्या कडांना आत कोणते साहित्य आहे, आणि माहितीपत्रकातल्या वजनाऐवजी मला मिळणाऱ्या त्याच कॅरॅव्हॅनचे, सर्व जोडण्यांसह केलेले काट्यावरचे वजन किती. पलंगाखालच्या खणातल्या भोकाची आणि तारांची छायाचित्रे मी विक्रेत्याकडे पाठवली आहेत, आणि ते काम ताबा देण्यापूर्वी पूर्ण करून द्यावे असे कळवले आहे.

एक शंका उरते. सुट्या चाकासाठी खाली आधार नाही. चासीला भोके पाडून तो बसवून देऊ, असे विक्रेता म्हणतो आहे. चासी पूर्ण जस्तलेपित आहे.

प्रतिसाद ३ चे लेखक

त्याला होकार देऊ नये. या चासी मुद्दाम पातळ, दाबून आकार दिलेल्या पोलादाच्या असतात. घडवून झाल्यावर त्या वितळलेल्या जस्तात बुडवतात, त्यामुळे कडांसह सर्वत्र जस्त चढते. नंतर पाडलेल्या भोकाची कड उघडी राहते आणि गंज तिथून सुरू होतो. त्याहून गंभीर म्हणजे ताण सोसणाऱ्या भागात भोक पाडले तर ताकद कमी होते. चासीच्या उत्पादकांच्या सूचनांत भोके पाडण्यास आणि वेल्डिंग करण्यास म्हणूनच मनाई असते. चासीवर आधीपासून असलेल्या भोकांत किंवा क्लॅम्पने बसणारा त्याच उत्पादकाचा आधार मागवून घ्यावा, आणि त्याचे व चाकाचे वजन सामानाच्या मुभेतून वजा करून पुन्हा हिशेब मांडावा. चाकांचे बोल्ट ठरलेल्या जोराने आवळले आहेत का, हे पहिल्या साधारण ५० किलोमीटरनंतर टॉर्क पान्याने पुन्हा तपासावे. टायरच्या बाजूवरचा चार अंकी तारखेचा शिक्काही त्याच वेळी पाहावा: पहिले दोन अंक आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. कॅरॅव्हॅन नवी असली तरी तिचे टायर बराच काळ कारखान्याच्या आवारात उभे राहिलेले असू शकतात.